उभा काप, आडवा काप

अकरा नोव्हेंबरला धाकट्याने चौदा हजार तीनशे पन्नास आगाऊ भरले आणि पावती खिशात न ठेवता हातात नाचवत घरी आला.

“ताई, जागा पक्की! पुढच्या बुधवारी दुपारी तीनची बस. गुरुवारी मूळ घ्यायचं, शनिवारी नवा माणूस!”

“नव्या माणसा, आधी बुटांचा रंग पायपुसण्याला पूस,” आई आतून म्हणाली. “जुन्याने सगळ्या घरभर पावलं उमटवून ठेवलीत.”

ताई हसली. धाकटाही हसला. गेली तीन वर्षं त्या घरात पुढच्या आठवड्याबद्दल इतक्या मोठ्या आवाजात कुणी बोललं नव्हतं.

धाकट्याचा धंदा बसवर रेघा ओढण्याचा. रंगकाम झालेली बस गॅरेजात उभी राहिली की तिच्या अंगावरून पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी बारीक रेघ तो हाताने ओढत असे. पट्टी नाही, दोरा नाही, चिकटपट्टी नाही. लांब केसांचा ब्रश, करंगळीचा टेकू आणि रोखलेला श्वास. लोक म्हणत, याच्या रेघेवर पाण्याचा थेंब सोडला तर तो सरळ मागच्या दिव्यापर्यंत जाऊन थांबेल. मग एकदा शिडी सरकली, पाठ धरली आणि डॉक्टरांनी दुखणं मारायच्या, अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. पाहुणा गेला आणि त्याचं बिऱ्हाड घरात राहिलं, तशी गत झाली. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. आता गोळी घेतल्यानंतर थोडा वेळ हात स्थिर असे, त्याच वेळात तो रेघ ओढून घेई. एरवी हात थरथरे, नाक गळे, आणि अंथरुणात तो असा तळमळे की आई देवाला नव्हे, भिंतीला हात जोडी.

गोळ्या सोडायचा दवाखाना त्याने दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा महिन्याच्या आत पळून आला. “तिथे रोज सकाळी रांगेत उभं राहून टोपणभर औषध पितात, वर्षानुवर्षं,” तो म्हणे. “गोगलगाय बरी, निदान ती घर पाठीवर घेऊन जाते.”

आणि मुळाची बातमी घरात आणली ती ताईनेच.

ताई एका संशोधन संस्थेत मेंदू कापायची. ऐकणारा दचकतो, म्हणून ती स्वतःच लगेच पुढे सांगे, “उंदरांचे, आणि मेलेल्या.” तिशीत असताना ती तिथे काचेची भांडी धुवायला दोन महिन्यांच्या बदलीवर आली होती. कापकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तिला एकदा ओली काच पुसताना पाहिलं आणि म्हणाल्या, “हिचा हात हलत नाही. हिला इकडे द्या.” दोन महिन्यांची बदली होती, तिची वीस वर्षं झाली. मेणात बसवलेला मेंदूचा तुकडा यंत्रावर चढवायचा, उजव्या बाजूचं चाक फिरवायचं, आणि पात्यावरून मेणाची फीत उतरू लागली की ती ओल्या ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची. फीत पाण्यावर पसरते, सुरकुत्या आपोआप निघतात, मग खालून काच घालून ती अलगद वर घ्यायची. काप इतका पातळ, की त्याच्यापुढे कांद्याचा पापुद्राही जाडाभरडा वाटावा. संस्थेत तिला पापुद्रेबाई म्हणत. चाकाच्या आवाजावरून पातं बोथट झालेलं तिला कळे. फीत उचलताना तिचा श्वास थांबे. रेघ ओढताना धाकट्याचा थांबे तसाच. आई म्हणे, “माझ्या दोन्ही पोरांना श्वास घ्यायची सवय जरा कमीच.”

तर उन्हाळ्यात त्या संस्थेत एक प्रयोग सुरू झाला. दूरच्या एका दाट जंगलात एक झुडूप वाढतं. त्याच्या मुळाची साल खाल्ली की माणूस जागेपणीच स्वप्नं बघू लागतो आणि ती दीड-दोन दिवस उतरत नाहीत. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती जपून, जाणत्याच्या देखरेखीखाली घेत आली. पुढे बाहेरच्या कुणाच्या तरी लक्षात आलं, की अफूच्या जातीच्या नशेत अडकलेला माणूस त्या स्वप्नातून बाहेर आला की पुष्कळदा नशा मागतच नाही. हे खरं का, आणि कशामुळे, हे प्रयोगशाळेतल्या मॅडमना बघायचं होतं. त्यांनी उंदरांना कळ दाबायला शिकवलं. कळ दाबली की नशेचा थेंब. उंदीर खाणंपिणं सोडून कळ दाबत बसले. मग त्यांना मुळाचा अर्क टोचला.

उंदरांचे पिंजरे सांभाळणारे काका दुसऱ्या दिवशी धापा टाकत जिन्यावरून खाली आले. “पापुद्रेबाई, वर चला! सोडली! पोरांनी कळ सोडली!”

ताई वर गेली. काल कळीला चिकटलेला उंदीर आज तिच्याजवळ जाई, वास घेई, आणि शेजारचं ओळखीचं दार चुकावं तसा वळून निघून जाई. ताईचे डोळे भरून आले. ती उंदरासाठी रडत नव्हती, हे काकांनाही कळलं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सगळं सांगितलं. सांगताना तिचा घास हातातच राहिला. धाकटा ऐकत होता. महिन्याभरात त्याने समुद्राकाठचा एक बंगला शोधून काढला. तिथे कुणी एक माणूस तेच मूळ देत असे. बंगलेवाला डॉक्टर नव्हता, पण त्याच्या भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे हसरे फोटो होते.

“ताई, तुझ्या उंदरांना जमलं, मला का नाही जमणार?”

“तू उंदराइतका हुशार असतास तर प्रश्नच नव्हता,” ताई म्हणाली खरी, पण मनात तिलाही उकळ्या फुटत होत्या.

तरी ती कागदावर पाय ठेवतानाही फाटेल का बघणारी बाई. काकांनी मध्ये एकदा सांगितलं होतं, की अर्क टोचल्यावर काही उंदीर थरथरले आणि दांडीवरून चालताना झुलले. एका दिवसात ते ठीक झाले, म्हणून सगळे म्हणाले, उतरली. पण मॅडम म्हणाल्या, “तोल गेला म्हणजे लहान मेंदूकडे बघायला हवं. थोडे काप काढाल?”

लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्याच्या खाली बसलेला गोळा. तोल त्याच्याकडे, हाताची सफाई त्याच्याकडे. नशेची ओढ त्याच्याकडे नसते, म्हणून या प्रयोगात तो बाजूला काढून बरणीत ठेवलेला होता. ताईने ते तुकडे मेणात बसवले आणि मधोमध उभे कापले. सगळीकडे तसेच कापतात. उभा काप काढला की लहान मेंदू झाडासारखा उलगडतो. मध्ये खोड, मग फांद्या, मग पानांच्या कडा. पुस्तकांत तेच चित्र असतं, भिंतीवरच्या तक्त्यात तेच. त्या पानांच्या कडेकडेने एक ओळ असते मोठ्या, टपोऱ्या पेशींची. हालचाल नेमकी करायचा हुकूम शेवटी त्यांच्याकडून निघतो. ताईने प्रत्येक तुकड्याचे मधले चार-पाच काप रंगवले आणि पाहिले. मॅडमनी पाहिले. प्रत्येक काचेवर झाड हिरवंगार, म्हणजे रंगाने जांभळं, आणि कडेने मण्यांची अखंड माळ.

“सुरेख,” मॅडम म्हणाल्या.

ताई घरी येऊन म्हणाली, “साफ आहे रे. काही झालेलं नाही.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्याने आगाऊ रक्कम भरली होती.

सोमवार उजाडला. बुधवार दोन दिवसांवर. बंगलेवाल्याने सांगून ठेवलं होतं, की मूळ घेतल्यावर उलट्या फार होतात, चिंध्या भरपूर आणा. म्हणून संध्याकाळी आई एक जुनी चादर घेऊन बसली. पांढऱ्यावर निळे रुंद पट्टे असलेली. ती दातांनी कडेला चीर पाडी आणि टर्रकन फाडी. धाकटा पिशवी भरत होता आणि एकटाच गुणगुणत होता. ताई भाजी निवडत होती.

“आई, ही बघ, फसवलंस,” धाकटा एक चिंधी उचलून म्हणाला. “पट्ट्याची चादर म्हणालीस, ही तर पांढरीफटक.”

“उभं फाडलं की असंच होणार,” आई म्हणाली. “निळं सगळं शेजारच्या चिंधीत गेलं. आडवं फाडलं असतं तर सगळ्यांत सगळे पट्टे आले असते. पण आडवं नीट फाटत नाही, वाकडंतिकडं जातं. आणि तुला ओकायलाच हव्यात ना? का तिथे नेसून मिरवायचंय?”

धाकटा खोखो हसला. ताई हसली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने ती पांढरी चिंधी उचलली, उजेडाकडे धरली, मग शेजारची निळी उचलली.

“काय झालं?” आईने विचारलं.

“काही नाही,” ताई म्हणाली. “मी कापते उभं.”

“काय कापतेस?”

“सगळंच.”

रात्री तिला झोप लागली नसेल, हे सांगायला नको. मेंदूत पट्टे असतील असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या मनात एवढंच आलं होतं, की तिने सगळ्या तुकड्यांचा मधला, एकच पट्टा पाहिला. चादर पांढरी आहे असं तिने एका चिंधीवरून ठरवलं, आणि त्या भरवशावर भावाने पैसे भरले. काखेत कळसा म्हणतात तो हा. उरलेले तुकडे तिच्याच कपाटात, तिच्याच मेणात पडून होते.

मंगळवारी संस्थेचं दार उघडायच्या आधी ती दारात उभी. मॅडम आल्याबरोबर तिने सांगितलं. चादरीचं ऐकून मॅडम आधी हसल्या, मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

“मधलेच पाहिले आपण,” त्या म्हणाल्या. “मीही तेच बघत बसले. चित्रासारखे आले होते ना.”

“अर्धे तुकडे मेणात शिल्लक आहेत. वितळवते, आडवे बसवते. पण मेण परत तापवलं तर एखादा तुकडा खराब होईल.”

“होऊ दे. करा!”

मग जे काम सुरू झालं त्याला लगीनघाई हाच शब्द. ताईने ठोकळे वितळवले. चिमट्याच्या टोकाने एकेक इवला तुकडा काटकोनात वळवला, पुन्हा मेण ओतलं, बर्फावर थिजवलं. काका पिंजरे सोडून बर्फ आणून देऊ लागले. “मासळीवाला केलात मला,” ते कुरकुरत होते, पण जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होते. आडवा काप ओबडधोबड दिसतो. झाड नाही, फांद्या नाहीत, नुसती घड्या घातलेली गोधडी. म्हणून तर तसा कुणी हौसेने काढत नाही. ताईचं चाक दुपारभर फिरत राहिलं. एक तुकडा खरोखरच चुरा झाला. बाकीचे काप काचांवर चढले आणि वाळायला उबदार कपाटात गेले.

बुधवारी सकाळी रंग. जांभळ्या रंगात बुडवायचं, मग धुवायचं, मग पुन्हा धुवायचं, रंग नको तिथून निघेपर्यंत. घाई केली तर सगळं जांभळं, रेंगाळलं तर सगळं पांढरं. ताईने घाई केली नाही, फक्त मान वर करून घड्याळाकडे सारखी बघत राहिली. पहिली ओली काच तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

माळ होती. टपोरे मणी एकाशेजारी एक. ते घडीवरून चढले, उतरले, पुढच्या घडीवर गेले. ताईने काच सरकवली. आणि मणी संपले. थोडी मोकळी जागा, तिथे नुसती बारीक पेशींची गर्दी, पडक्या घरापाशी बघे जमावेत तशी. मग पुन्हा मणी. मग पुन्हा मोकळं. तिने दुसरी काच घेतली. त्याच ठिकाणी मोकळं. तिसरी, त्याच ठिकाणी. एकावर एक काचा मनातल्या मनात ठेवल्या तर त्या मोकळ्या जागांचे पट्टे होत होते. पुढून मागे जाणारे, अरुंद, सरळ. धाकट्याच्या रेघेसारखे सरळ.

“मॅडम!” ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर काकांच्या हातून बादली पडली.

मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. त्यांचा पाय टेबलाखाली थडथड हलत होता. मग त्या एकेका काचेचा क्रमांक वाचत गेल्या. पट्टे होते ते सगळे जास्त मात्रा दिलेले उंदीर. कमी मात्रेच्या उंदरांची माळ अखंड होती, आणि निव्वळ पाणी टोचलेल्यांचीही.

“आणि ऐका,” मॅडम ताईचा दंड धरून म्हणाल्या, “कमी मात्रेच्या उंदरांनीही कळ दाबणं कमी केलंय! काय लागलंय हाताला, कळतंय का तुम्हाला? हे नुसतं विष म्हणून टाकून देता येत नाही, आणि नुसतं औषध म्हणून गिळताही येत नाही!”

ताईला कळत होतं.

“मॅडम, माणसाचं काय?”

मॅडम सावध झाल्या. “माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. माणसाच्या मेंदूत असंच होतं असं मला म्हणता येणार नाही. होत नाही असंही नाही म्हणता येणार. का हो?”

ताईने भावाचं सांगितलं. मॅडमचा चेहरा बदलला. “तिथे हृदयाचा आलेख काढतात? या मुळाने ठोके बिघडून माणसं दगावलीत. ते वेगळंच. आणि किती देतात? वजनावर?”

“माहीत नाही.”

“मग इथे काय करताय? जा!”

ताई पर्स घरी विसरून आली होती. काकांनी खिशातून होते तेवढे काढून तिच्या मुठीत कोंबले. “टॅक्सी करा. बसची वाट बघत बसू नका.”

धाकटा घरी नव्हता आणि फोनही उचलत नव्हता. निघायच्या आधी शेवटची बस करून देतो म्हणून गॅरेजात गेला होता. ताई तिथे पोचली तेव्हा तो बुटक्या स्टुलावर बसून लाल रेघ ओढत होता. रेघ नुकतीच पुढच्या चाकाच्या पुढे गेली होती.

गॅरेजात एक नियम होता. ब्रश पत्र्यावर टेकलेला असेपर्यंत रेघवाल्याशी बोलायचं नाही. आग लागली तरी आधी बादली आणायची, मग त्याला सांगायचं. ताईला तो पाठ होता, तिनेही तो वीस वर्षं स्वतःच्या यंत्रापाशी पाळला होता. ती पंख्याखाली उभी राहिली. धाकटा स्टूल पायाने सरकवत, अंग न हलवता, बसच्या अंगाअंगाने निघाला होता. एक खिडकी झाली. दुसरी झाली. पिशवी दाराशी भरून ठेवलेली, तिच्यातून निळी चिंधी बाहेर डोकावत होती. ताईच्या तोंडात शब्द गरम बटाट्यासारखे झाले होते, गिळवत नव्हते आणि टाकवतही नव्हते. मागच्या चाकापाशी रेघ थरथरली. केसभर. धाकट्याने ती सावरली, शेवटपर्यंत नेली, ब्रश उचलला आणि श्वास सोडला.

“बघितलंस ना?” तो मागे न वळता म्हणाला. “चाकापाशी. गोळी उतरायला लागली. म्हणून तर चाललोय. तू का आलीस? निरोप द्यायला आईला यायचं होतं.”

“जाऊ नकोस.”

आता तो वळला. ताईने सगळं एका दमात सांगितलं. काच, मणी, पट्टे, चादर. त्याचा चेहरा लाल होत गेला.

“तूच म्हणालीस साफ आहे.”

“मी चुकीच्या अंगाने कापलं होतं.”

“आणि आता बरोबर अंगाने कापलंस कशावरून? उद्या येऊन तिसरं अंग सांगशील! जगातला प्रत्येक माणूस मला सांगतो थांब. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी पळायला लागलंय, तर तू रुळावर आडवी झोपलीस!”

“मला माहीत नाही तुझ्या डोक्यात तेच होईल का ते,” ताई म्हणाली. “खरंच नाही माहीत. कमी मात्रेच्या उंदरांना काही झालेलं दिसत नाही. तू एवढंच सांग, तो किती देतो?”

“माणूस बघून.”

“माणूस बघून म्हणजे?”

धाकट्याने चिडूनच फोन काढला, बंगलेवाल्याला लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे ताईचं तोंड एकदाचं बंद होईल.

“निघालात का?” पलीकडून खुशीतला आवाज आला.

“निघतोच आहे. एक विचारायचं होतं. मूळ वजन करून देता ना? म्हणजे माझ्या वजनावर?”

“वजन करायला ते काय सोनं आहे?” बंगलेवाला हसला. “मी माणूस बघतो आणि देतो. पहिला चमचा. नाही चढलं तर अजून एक. कुणाकुणाला पाच लागतात. तुम्ही काळजी करू नका, माझा अंदाज चुकत नाही.”

“छातीचा आलेख वगैरे?”

“अहो, इथे यंत्रं नाहीत, इथे समुद्र आहे! या तुम्ही.”

फोन बंद झाला. धाकटा तसाच उभा. त्याच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात रंगाचा डबा. डब्यावर मापाच्या खुणा होत्या. रंगात थिनर किती घालायचं हे तो थंडीत वेगळं आणि उन्हात वेगळं मोजत असे, आणि गॅरेजात कुणी अंदाजाने ओतलं तर तो डबाच उलटा करी.

“ताई,” तो हळू म्हणाला, “मी रंगात थिनर मापून घालतो.”

“हो.”

“बसच्या पत्र्यासाठी. आणि हा माणूस माझ्या डोक्यात चमच्याने ओतणार?”

ताईने त्याच्या हातातला फोन काढून घेतला.

“पाच चमचे!” तो ओरडला. “अति तिथे माती हे आई सांगते तेव्हा मला राग येतो. हात गेला तर मी गोळ्या सोडून करू काय? सुटलेला माणूस म्हणून फोटोत हसू?”

त्याने डबा खाली ठेवला, आणि मग स्टुलावर बसून, इतके दिवस उधळलेला घोडा एकदम थांबावा तसा, हुंदके देऊन रडला. “पण मग मी करू काय? सांग ना. नाही जायचं तर करू काय?”

“टोपणभर औषध,” ताई म्हणाली. “रांगेत.”

“गोगलगाय.”

“मी येते रांगेत. रोज. माझं पण घर पाठीवर आहेच.”

तो रडता रडता हसला. तीनची बस गेली. ती त्यांनी गॅरेजाच्या दारातून जाताना पाहिली, आणि धाकटा म्हणाला, “हिची रेघ कुणी ओढली? वाकडी आहे.”

मॅडमनी त्याच संध्याकाळी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला आणि दवाखान्याने त्याला तिसऱ्यांदा घेतलं. या वेळी तो पळाला नाही. म्हणजे एकदा पळाला, पण कोपऱ्यापर्यंतच. तिथे ताई ब्रेड घेऊन उभी होती. अजून तो रोज सकाळी रांगेत जातो. औषधाचं माप हळूहळू खाली येतं आहे आणि परिचारिका ते खुणेपर्यंत भरते की नाही, हे तो डोळ्यांत तेल घालून बघतो. “खुणेच्या वर गेलं हो,” तो तिला सुनावतो. रांगेतले लोक त्याला आता ‘मापारी’ म्हणतात. चांगल्या दिवशी त्याचा हात अख्खी बस पार करतो. वाईट दिवशी तो नुसती चाकं रंगवतो.

संस्थेत उत्साहाला अजून ओहोटी लागलेली नाही. मॅडमनी कमी मात्रेचा प्रयोग पुन्हा लावला आहे. कळ किती सुटते आणि माळ कुठपर्यंत अखंड राहते, या दोन्हींच्या मधली जागा त्या शोधताहेत. ती सापडेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. काका मात्र रोज जिन्यावरून बातमी आणतात. आणि कुठलाही मेंदू असो, ताई आता त्याचा एक काप उभा काढते आणि एक आडवा. नवीन आलेली मुलगी एकदा म्हणाली, आडवा इतका कुरूप येतो, कशाला काढायचा? ताईने तिला खणातून एक चिंधी काढून दिली आणि म्हणाली, “ही कुठल्या रंगाच्या चादरीची आहे, सांग बघू.”

मुलगी म्हणाली, “पांढऱ्या.”

“चहा पिऊन ये,” ताई म्हणाली, “मग दुसरी दाखवते.”

बंगलेवाल्याने आगाऊ रक्कम परत केली नाही. टॅक्सीचे पैसे ताईने काकांना दोन वेळा मिळून दिले. चाळीस अजून द्यायचे आहेत.